ज्याचा फोन, त्याची वायर

शहरालगतच्या बेसा गावात घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या कृष्णकांतचा धंदा एका सवयीवर चालायचा. खांबावर वायरींचा गुंता झाला आणि कोणती कोणाची हे कळेनासं झालं, की तो सरळ एक उपटायचा आणि खाली उतरून चहा मागवायचा. ज्याचा फोन येईल, त्याची ती वायर. फोन आलाच नाही, तर वायर मेलेली समजून कापून टाकायची. खरं सांगायचं तर त्याला माणसांशी बोलायचा आळस होता, आणि आपल्या आळसाला माणूस नेहमी पद्धतच म्हणतो.

त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कुसुमताई, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या रामाजींची बायको. तिने त्याच्या यंत्रांची पेटी आपल्या गच्चीवर ठेवू दिली, भाडं कधी मागितलं नाही. पेटी बघायला आलेल्या कृष्णकांतला ती जेवल्याशिवाय सोडायची नाही. भूक नाही म्हटलं तर म्हणायची, "पेटीले करंट लागते, तुले नाही लागत का गा?"

यंदा एका ट्यूशन क्लासच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आणि तो मालकाच्या नकळत लॉटरीच्या थापांचे हजारो ईमेल जगभर पाठवू लागला. ज्या मोठ्या कंपनीकडून कृष्णकांत इंटरनेट घ्यायचा, तिने दम भरला, हा कचरा थांबव, नाहीतर तुझी लाइनच तोडतो. घरोघर शोधत कोण फिरणार? कॉम्प्युटरमधून थेट बाहेर जाणाऱ्या ईमेलचा रस्ता त्याने सगळ्यांसाठीच बंद केला. सुक्याबरोबर ओलंही जळतं. मोबाइलवरून मेल करणाऱ्यांना त्याचा काही त्रास नव्हता. अडणार होते ते जुन्या पद्धतीवाले. असा कोणी असलाच तर करेल फोन. त्याने कोणाला कळवलं नाही, आणि फोनही आला नाही. कृष्णकांत खूश होता.

त्याच आठवड्यात कुसुमताईला गरगरायला लागलं. शहरात धंतोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन रक्त तपासायला सांगितलं. ते तिने बेशातल्याच भावनाच्या लॅबमध्ये दिलं. तिथून रिपोर्ट डॉक्टरांना परस्पर ईमेलने जायचा. काही वाईट निघालं तर लगेच फोन करीन, नाही आला तर याच गोळ्या चालू ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पेटी बघायला आलेल्या कृष्णकांतने विचारलं, "रिपोर्टचं काय झालं, ताई?"

"फोन नाही आला. म्हणजे चांगलाच असन."

कृष्णकांतने मान डोलावली. त्याला ते पटलंच, त्याचाच तर नियम होता.

शनिवारी सकाळी ताई स्वयंपाकघरात कोसळली. जवळच्या दवाखान्यात नेता नेता झटके आले आणि दुपारी ती गेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातलं सोडियम पार उतरलं होतं, चार दिवस आधी कळलं असतं तर बाई वाचली असती. कृष्णकांतने तिरडीला खांदा दिला. सख्ख्या भावासारखा रडला तो.

सोमवारी भावनाचा फोन आला. "कृष्णकांतभाऊ, आमचे रिपोर्ट बाहेर जाऊनच नाही राहिले. येनारे मेल येते बराबर, म्हणून इतके दिवस ध्यानात नाही आलं."

तो लॅबमध्ये गेला. रिपोर्ट आपोआप धाडणारा तो जुना कॉम्प्युटर पाहताच त्याला आपणच बंद केलेला रस्ता आठवला. खिशातला मोबाइल काढून त्याने रस्ता उघडला. अडकलेले रिपोर्ट एकेक करून निघाले. त्यात एक नाव होतं, कुसुम रामाजी बोंदरे. सोडियमचा आकडा लाल होता.

"मशीनच जुनी झाली, भाऊ," भावना म्हणाली. "कोनाले दोष देता?"

गप्प बसला असता तर कोणाला कधी कळलं नसतं. पण ताईचं इतकं अन्न खाल्लेला माणूस गप्प तरी कसा बसणार? तो तडक रामाजींकडे गेला. ताई जिथे पडली होती, तिथे पिठावर दिवा तेवत होता.

"भाऊजी, तुमाले एक सांगायचं हाय," तो म्हणाला, तेवढ्यात रामाजींचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, "हो जी" म्हणाले आणि फोन मांडीवर ठेवला.

"धंतोलीचे डॉक्टर होते. म्हणते, रिपोर्ट आत्ता भेटला, बाईले लगेच घेऊन या." मग त्यांनी वर पाहिलं. "आता काहून भेटला गा, किस्ना?"

"रस्ता मी आत्ता उघडला, भाऊजी. बंदही मीच केला होता. कोनाले न सांगता."

रामाजींनी दिव्यात तेल घातलं. मग उठून त्यांनी खिळ्यावरची गच्चीची किल्ली काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"तुही पेटी घेऊन जाय."

कृष्णकांत वर गेला. त्याने एकेक वायर उपटली आणि पेटी भिंतीवरून उतरवली. खिशातला फोन वाजला. वाजायचा थांबला तोच पुन्हा वाजला. गल्लीतल्या घराघरांतून फोन येत होते. पेटी उराशी धरून तो जिना उतरला, आणि दिव्यापाशी बसलेल्या रामाजींसमोरून जातानाही फोन वाजतच होता.