बारा इंची चौकोनांची गोधडी

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकांइतका मोजणारा माणूस मुलुंडात तर नाहीच, पण पार घाटकोपरपर्यंत शोधला तरी सापडायचा नाही. बाकीची माणसं खिशात रुमाल, किल्ली, चष्मा ठेवतात. काकांच्या खिशात टेप असते, स्टीलची, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी. चाळीस वर्षं ते एका कारखान्यात तयार माल तपासायचे. कारखाना बंद झाला, तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या, पण काकांचं तपासणं काही थांबलं नाही. माल संपला म्हणून त्यांनी आम्हाला तपासायला घेतलं. मी दारात रांगोळी काढली की ते चप्पल घालता घालता वाकून बघणार आणि म्हणणार, "सूनबाई, कमळाची डावी पाकळी अर्धा इंच जास्त झालीय." माझ्या सासूबाई त्यांना भाऊ मानायच्या, म्हणून मी त्यांची सूनबाई. लग्न होऊन आले तेव्हा मला ह्या पाकळीचं रडू यायचं. मग मी मुद्दामच एक पाकळी मोठी काढायला लागले, त्यांची सकाळ बरी जावी म्हणून.

इमारतीत कोणाचंही मोठं सामान यायचं असलं की आधी काकांना विचारायची पद्धत होती. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी एकदा फ्रिज आणला. काका म्हणाले, "दुसऱ्या वळणावर अडकेल." त्यांनी ऐकलं नाही. फ्रिज दुसऱ्या वळणावर असा अडकला की सगळी इमारत दीड दिवस पोट आत घेऊन जिना चढत होती. काका त्याच्या शेजारून तीनदा गेले-आले. खिशातली टेप तेवढी दोनदा वाजवली. काकू म्हणायच्या, "ह्यांच्याशी लग्न झालं तेव्हा मी पाच फूट होते. आता पावणेपाच झालेय, आणि तेसुद्धा ह्यांनीच मला सांगितलं."

ह्या मोजण्यानेच घरात एक मोठी गोष्ट बिघडली. त्यांची एकुलती एक लेक लहानपणापासून कबड्डी खेळणारी, उंच, खांद्याने भक्कम, बोलायला फटकळ. तिने आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा आईला घेऊन पहिल्यांदा घरी आला तेव्हा चहा-पोहे द्यायला काकूंच्या मदतीला मी तिथेच होते. मुलगा आत आला, काकांच्या पाया पडला. काका म्हणाले, "जरा दाराला टेकून सरळ उभा राहा रे." तो बिचारा उभा राहिला. काकांनी पेन्सिलीने दारावर खूण केली, टेप लावली आणि त्याच्या आईसमोर म्हणाले, "आमच्या मुलीपेक्षा दीड इंच कमी."

पोह्यांची ताटली माझ्या हातातून सुटायची बाकी होती. लेक म्हणाली, "बाबा, मला कपाट घ्यायचं नाहीये, लग्न करायचंय!"

लग्न झालं. काका गेले, जेवले, फोटोतही उभे राहिले. पण लेक बोरिवलीला राहायला गेली ती त्यांच्याशी बोलायची बंद झाली. फोन यायचा तो काकूंना. काका शेजारी बसून चष्मा पुसायचे. असे आठ महिने गेले. काकांनी माफी मागावी असं काकूंना वाटायचं. "माप बरोबर होतं," एवढंच काका म्हणायचे, पण प्रत्येक वेळी जरा हळू.

मग एक दिवस काकूंनी कपाट आवरलं आणि लेकीचे जुने टी-शर्ट पोत्यात भरून बोहारणीला बोलावलं. सौदा जवळजवळ ठरला होता, स्टीलचा डबा काकूंच्या हातात होता. काका बाहेरून आले, त्यांनी पोत्यात डोकावलं, काकूंच्या हातातला डबा काढून बोहारणीला परत दिला आणि पोतं उचलून थेट माझ्या दारात आले.

"सूनबाई, तू गोधड्या शिवतेस."

"हो काका."

"मला शिकव. बोरिवलीला गार असतं. डोंगर जवळ आहे ना, पहाटे गार होतं."

कोणाला गार होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आजवर मला कोणी काही शिकव म्हणालं नव्हतं, त्यामुळे मला घामच फुटला.

पोत्यात चोवीस टी-शर्ट निघाले. तीन वर्षांच्या मुलीच्या पिवळ्या, हत्ती काढलेल्या टी-शर्टापासून दोन माणसं मावतील अशा ढगळ जर्सीपर्यंत. काकांनी प्लायवूडचा बारा इंची चौकोन करून आणला. चार आडवे, सहा उभे, म्हणजे चार फूट रुंद आणि सहा फूट लांब, असा हिशेब कागदावर मांडला. मी घाबरत घाबरत म्हटलं, "काका, हे कापड ताणतं हां."

"ताणतं म्हणजे किती?"

"ते हातावर असतं."

"हातावर म्हणजे किती, सूनबाई?"

काकांनी तेवीस टी-शर्ट कापले, फक्त पिवळा बाजूला ठेवला. मग नाकावर चष्मा आणून स्वतः शिवायला बसले, इंचाला पाच टाके, एक कमी नाही, एक जास्त नाही. पण शिवताना कापड ओढून ओढून सरळ करायचे. दहा दिवसांनी टेप लावली तर एक बाजू सहा फूट आणि दुसरी, पिवळ्याचा रिकामा कोपरा धरून, सहा फूट पाच इंच. त्यांनी परत मोजलं. मग म्हणाले, "टेप खराब झालीय." खाली जाऊन नवीन टेप आणली. नव्या टेपेनेही पाच इंचच.

"आता दुकानदाराला मोजून या," काकू आतून म्हणाल्या. "सगळ्या जगाचं चुकेल, तुमचं चुकायचं नाही!"

काका हसले नाहीत. गोधडी मांडीवर घेऊन बसून राहिले. मग त्यांनी कात्री घेतली आणि सगळं उसवलं. मला फार वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ते परत दारात आले. मी काकूंच्या दोन जुन्या सुती साड्या जमिनीवर अंथरल्या आणि त्यांचा हात धरून दाखवलं, की हे कापड ओढायचं नाही, साडीवर नुसतं ठेवायचं, थोपटायचं, मुलाला निजवतो तसं, आणि ते जिथे बसेल तिथे टाका घालायचा. टेप मी माझ्या डब्यात ठेवून दिली. पहिले दोन दिवस त्यांचा हात सारखा रिकाम्या खिशात जायचा.

शेवटी कोपऱ्यातली एक जागा उरली आणि तो पिवळा टी-शर्ट. तो रुंदीला भरत होता साडेदहा इंच. म्हणूनच काकांनी तो इतके दिवस पुढे ढकलला होता. आता तो सोडावा तर गोधडीला भोक, आणि लावावा तर कमी. काकांनी पिवळ्याकडे बघत आख्खा कप चहा संपवला. मग मीच ढगळ जर्सीच्या उरलेल्या बाहीची पट्टी काढून पिवळ्याच्या भोवती लावली. ती एकीकडे रुंद झाली, एकीकडे अरुंद. मी उसवायला लागले तर काका म्हणाले, "राहू दे."

काकांच्या तोंडून 'राहू दे' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. काकूसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेल्या.

आमच्या गावाकडे गोधडीचं शेवटचं तोंड शिवायच्या आधी आत भाकरीचा चिमूटभर तुकडा ठेवतात, गोधडी उपाशी जाऊ नये म्हणून. काकूंनी "मुंग्या लागतील गं," म्हणत तव्यावरची भाकरी आणली. काकांनी तुकडा मोडला आणि आत ठेवला. किती, असं त्यांनी विचारलं नाही.

काकूंच्या गुडघ्यांना बस झेपत नाही, म्हणून काकांबरोबर बोरिवलीला मला जावं लागलं. "शिलाईचं काही विचारलं तर?" काका म्हणाले. ते शिलाईला घाबरत नव्हते हे मला कळत होतं. मी स्वतः कोणाच्या घरी गेले तर पाणीसुद्धा मागत नाही, आणि बसमध्ये शेजारी काका. पवई गेली, गोरेगाव गेलं, बोचकं आळीपाळीने दोघांच्या मांडीवर.

दार जावयाने उघडलं. "या बाबा, या ना!" लेकीने मला पाणी दिलं, "आई कशी आहे?" असं मलाच विचारलं आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. जरा जास्तच आवाज करत. काका दिवाणाच्या टोकावर बसले. जावयाने बोचकं सोडलं, गोधडी दिवाणावर पसरली आणि एकेका चौकोनावर बोट ठेवून विचारायला लागला, "बाबा, हा कुठला?"

"हा शाळेचा. हा जिल्ह्याचा. हा गोरेगावच्या सामन्यांचा. शेवटच्या मिनिटाला हिने पकड केली आणि पडली. उजवा गुडघा फुटला. तीन टाके."

आतला आवाज थांबला.

"डावा."

"उजवा," काका म्हणाले.

"बाबा, डावा!" लेक साबणाच्या हातांनी बाहेर आली, कोपराने सलवार वर करत. "हा बघा. गुडघा माझा आहे ना?"

काका वाकले. तो व्रण त्यांनी कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाले, "हो गं. डावाच. माझं चुकलं."

कशाबद्दल म्हणाले ते तिला कळलं असावं. ती तिथेच गोधडीवर बसली, हात ओले होते तरी. चाळीस वर्षं माल तपासलेल्या माणसाला डावं-उजवं कळू नये, हे मला काही पटलं नाही. पण मी खाली मान घालून पाणी पीत राहिले.

आता काका-काकू बहुतेक बोरिवलीलाच असतात. लेकीला दिवस गेलेत, काकूंना ती परत सोडत नाही, आणि काका जावयाबरोबर रोज सकाळी फिरायला जातात म्हणे. इथली जागा भाड्याने द्यायचं चाललंय. झालं ते चांगलंच झालं. दुपारी मी शिवायला बसते तेव्हा दार उघडंच ठेवते. जिन्यात चपला वाजल्या की सुई थांबते. पावलं वरच्या मजल्यावर निघून जातात. मग मी पुढचा टाका घालते.