दांड्या नसलेला चष्मा

उणे नऊ नंबर म्हणजे काय, हे चष्मा न लावणाऱ्याला सांगून कळत नाही. चष्मा काढला की समोरच्याला तोंड आहे एवढं मला कळतं, कोणाचं ते नाही.

अशा डोळ्यांनी मी समुद्रात उतरले ती लेकीच्या हट्टापायी. हेदवीच्या बाजूला होडीतून नेऊन पाण्याखालचे मासे दाखवतात. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी. अकरा वर्षांच्या पोरीला एकटीला सोडायला माझा जीव धजेना. पण मास्कच्या आत चष्मा चालत नाही, दांड्यांच्या फटीतून पाणी शिरतं. कॉन्टॅक्ट लेन्सचं नाव काढलं तरी मला कापरं भरतं. स्वतःच्या बुबुळाला बोट लावायचं म्हणजे काय! नंबरचा मास्क मागवून मिळतो, पण त्याला तीन आठवडे लागणार आणि आम्ही जाणार रविवारी. शेवटी रत्नागिरीतल्या नेहमीच्या चष्मेवाल्याकडून जुन्या चष्म्याच्या दांड्या काढून घेतल्या आणि उरलेला चष्मा मास्कच्या आत चिकटपट्टीने बसवला. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

"बुडायचा प्रश्नच नाय बाई, जाकीट हाय ना," होडीवाला म्हणाला.

पाच मिनिटं खरंच मजा आली. पट्टेवाले मासे दिसले, लेकीचे पाय दिसले. मग चिकटपट्टी सुटली आणि चष्मा नाकावर आडवा झाला. मी घाबरून मास्क वर ओढला, तर चष्मा गेला पाण्यात.

आजूबाजूला नुसते नारिंगी ठिपके. पंधरा-वीस जाकिटं, सगळी एकसारखी, आणि त्यातलं एक माझ्या मुलीचं. मी हाका मारत सुटले. कान पाण्यात असलेल्यांना काय ऐकू येणार? जवळचं एक लहानसं जाकीट धरलं, तर दुसऱ्याच कोणाची मुलगी किंचाळली. खडपाच्या खडकांवर लाटा आपटत होत्या, पण कुठल्या बाजूला तेही दिसेना. मी सरळ भोकाड पसरलं.

होडीवाल्याने मला ओढून वर घेतलं. रोजचा चष्मा होडीत पिशवीत होता. तो लावला तेव्हा लेक दिसली. एका अनोळखी बाईच्या मागोमाग पार खडपाशी पोचली होती, लाट तिला दगडावर ढकलत होती. होडीवाल्याने उडी टाकून तिला आणलं. दोन्ही गुडघे सोलवटले होते.

मी तिला मिठी मारली आणि लगेच ओरडले, "त्या बाईमागे कशाला गेलीस?"

"मला वाटलं, तूच आहेस," ती म्हणाली. "लांबचं मला नीट दिसत नाही गं. फळ्यावरचंसुद्धा नाही. सांगितलं असतं तर तू पाण्यात सोडलं नसतंस."

वीस वर्षं मी शाळेत शिकवतेय. कोणतं मूल डोळे बारीक करून फळा वाचतं, ते मला जूनच्या पहिल्या आठवड्यातच कळतं आणि मी त्याच्या घरी चिठ्ठी धाडते. ही रोज घरी माझ्यासमोर बसून अभ्यास करत होती.