पेट्रोल कुठी जाते?

धनराज व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर गाइड होता. दिवसभर पर्यटकांना जंगल दाखवायचं, संध्याकाळी गेट बंद झालं की मोटरसायकल काढून गाव गाठायचं. वाट जंगलातली, त्यामुळे अंधाराच्या आत घरी पोचायची सगळ्यांनाच घाई. धनराजलाही असे. त्याची मुलगी गेली आणि ती घाई संपली.

चंद्रपूरच्या दवाखान्यात ती जन्मली आणि दिवस मावळायच्या आत गेली. करिष्मा, त्याची बायको, तेव्हा शुद्धीवरही नव्हती. धनराजनं कापडात गुंडाळलेलं ते एवढंसं ओझं गावी आणलं आणि गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, काठावर, पाणी चढणार नाही अशा जागी, स्वतःच्या हातानं मातीआड केलं. करिष्मा घरी आली तेव्हा म्हाताऱ्या बायांनी तिला बजावलं, काही विचारू नको, विसरून जा. तिनं विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

गेटवरून परतताना तो बोडीवर गाडी लावायचा आणि बसायचा. रडायचा नाही, नुसता बसायचा. घरी पोचेपर्यंत पार काळोख व्हायचा.

त्यात गाडीचं पेट्रोल उडायला लागलं. टाकी भरावी आणि आठवडाही निघू नये. करिष्माचा भाऊ आला होता, त्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. "बाई, ह्या गाडीले एवढं पेट्रोल लागत नाई. भाऊजी दुसरीकडं कुठी तरी जाऊन राह्यले."

त्या दिवशी करिष्मानं विचारलं, "तुमी कुठी जाता?"

"कुठीच नाई."

"मंग पेट्रोल कुठी जाते?"

गाडी खरंच का पिते हे धनराजलाही कळत नव्हतं, आणि बोडीचं नाव तोंडातून निघत नव्हतं. तो उठून गाडी पुसायला लागला. करिष्मानं त्या गप्प बसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि धान कापणीच्या सुमारास सिंदेवाहीला बापाकडे निघून गेली.

धनराजनं मग गाडीचा ध्यासच घेतला. गावातल्या मिस्त्रीनं प्लग बदलला, एअर फिल्टर बदललं, फरक पडला नाही. मीटरवर पिवळा दिवा कधीचा जळत होता. "जळू दे, काई होत नाई," असं तोच मिस्त्री म्हणाला होता. शेवटी चंद्रपुरात रोशन नावाच्या मिस्त्रीनं गाडीला मशीन लावलं आणि सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवून दाखवलं. बोट काळंकुट्ट.

"भाऊ, ऑक्सिजन सेन्सर गेला हाय. धुरात हवा किती उरली ते हा सांगते, त्यावर गाडी पेट्रोल घेते. हा मेला, म्हणून गाडी आंधळ्यावानी पिऊन राह्यली."

सेन्सर नळीत गच्च बसला होता. रोशननं तेल फवारलं, इंजिन थोडं तापवलं, आणि पाना लावून जोर दिला तेव्हा कुठं तो करकरत सुटला. नवा बसवला, पिवळा दिवा विझवला. पुढच्या खेपेला टाकी भरली आणि पेट्रोलचा काटा हलेचना, तेव्हा धनराजला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी. तो तसाच सिंदेवाहीला गेला.

करिष्मा अंगणात तांदूळ पाखडत होती. तो उभ्यानंच बोलला, "गाडीचा सेन्सर खराब होता. बदलला. पेट्रोल त्यानंच जात होतं. मी कुठीच गेलो नाई, करिष्मा."

तिचं सूप थांबलं नाही. "मंग अंधार काऊन होत होता घरी याले? मी दारात उभी राहत होती. वाघानं नेलं का काय, असं वाटे मले. रोज."

आता मात्र त्याला बोलावंच लागलं. "बोडीवर बसत होतो. पोरीपाशी."

सूप खाली आलं. "तिथी ठेवलं तिले? मले काऊन नाई सांगतलं?"

"तू रडशीन म्हणून."

"मी तशीबी रडतच होती. एकटी."

तिनं चपला घातल्या आणि गाडीवर मागं बसली.

बोडीवर त्यानं जागा दाखवली. करिष्मा खाली बसली, तिनं मातीवर दोन्ही तळवे टेकले. माती सारखी करत म्हणाली, "नाव ठेवलं होतं का तुमी?"

"नाई."

"मी ठेवलं होतं. सोमारी. सोमवारची होती ना."

धनराजला हुंदका आवरला नाही. मुलगी गेल्यापासूनचं सगळं तिथं वाहिलं. करिष्मानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहान लेकराला फिरवावा तसा. त्याला वाटलं, आता ती घरी येईल.

"मले मोटारीवर बसवून द्या," ती म्हणाली.

"घर इथंच तर हाय."

"मालूम हाय. पण तुमी इथी पोरीपाशी होते, अन् मी त्या घरात कोणापाशीच नव्हती. आता मले तिथी जाववत नाई."

रस्त्यावर येऊन त्यानं तिला सिंदेवाहीकडे जाणाऱ्या एसटीच्या मोटारीत बसवून दिलं.

ती परत नांदायला आली नाही. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रावर ती रोजीनं जाते. धनराज अजून गेटवर आहे. अधूनमधून तो बोडीवर जातो तेव्हा तिथलं गवत कुणीतरी उपटून जागा साफ केलेली असते. ती कधी येते, कोणत्या मोटारीनं जाते, त्यानं कुणाला विचारलेलं नाही.