नमस्कार पोचला नाही

धाकट्या जावेच्या मुलाचं लग्न झालं आणि टिटवाळ्याला त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये पूजा ठेवली. नवी सून सगळ्या मोठ्यांच्या पाया पडत होती. मी खुर्चीत बसून शेजारच्या बाईंना सुरळीच्या वड्या ताटाला का चिकटतात ते समजावत होते.

आठवड्याने जावेचा फोन. "ताई, पोरीचं काही चुकलं का?"

"काय चुकणार? गोड आहे."

"मग आशीर्वाद का नाही दिलात? दोनदा पाया पडली. तुमचं आपलं वड्यांचंच चाललेलं. तेव्हापासून रडतेय, मोठ्या आईंना मी पसंत नाही म्हणून."

आता, पाया पडलेल्याला मी आशीर्वाद दिला नाही असं कधी झालेलं नाही. वैर असलं तरी देते. पण मनात किडा वळवळला. ह्यांना म्हटलं, "अहो, जरा माझ्या पावलांना हात लावा."

"मी तुझ्या पाया पडू?"

"पडू नका, नुसता लावा."

"एकच झालं." शेवटी ह्यांनी खराट्याची काडी आणली. मी डोळे मिटून बसले. बराच वेळ काही होईना.

"लावताय ना?"

"कधीपासून," हे म्हणाले.

साखर माझी जुनीच, वर बीपी. पावलांना मुंग्या यायच्या, रात्री आग व्हायची, ते मी वयाच्या खात्यावर टाकलेलं. मग मुंग्या थांबल्या. मला वाटलं, बरी झाले.

डॉक्टरीणबाईंनी नायलॉनच्या दोऱ्याने तळवे टोचून बघितले. म्हणाल्या, मुंग्या थांबल्या नाहीत, नसा बधिर झाल्यात. बीपीची गोळी मी फक्त डोकं दुखलं की घ्यायची, हेही त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. आता गोळी रोज. घरातसुद्धा चप्पल. पाय धुवायचं पाणी किती गरम आहे ते ह्यांनी बघायचं. आणि तळवे रोज तपासायचे, कारण लागलं तरी मला कळणार नाही.

हे सगळं जावेला सांगितलं. ती म्हणाली, "असं कुठं असतं का, ताई?"

मग सुनेलाच आमच्या घरी कोपरला बोलावलं. ती आली, खाली मान घालून चहा प्यायली. मी परत सगळं सांगितलं. तिने "हो, मोठ्या आई" म्हटलं. पटलेलं काही दिसेना.

मी चपला काढल्या. "पड परत. पडलीस की तोंडाने सांग."

"पडले."

"वाकलीच आहेस तर तळवेही बघून घे. माझं पोट मध्ये येतं."

तिने माझं पाऊल उचलून बघितलं. "करंगळीखाली फोड फुटलाय, रक्त आहे. दुखत नाही?"

"नव्या चपलेचा असेल. हे दुखलं असतं तर तुझा नमस्कारही कळला असता."

तिने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग उठून पर्स घेतली. "चला, डॉक्टरांकडे."

"थांब, आधी आशीर्वाद तरी घे."

"रिक्षात द्या."

रिक्षात दिला.