ओट्यावरचे सेल

आमच्या घरात टॉर्चचा सेल कधी फेकला म्हणून नाही. उजेड पिवळा पडला की माय सेल काढून ओट्यावर उन्हात मांडायची, पापड वाळवावेत तसे. ऊन खाल्लं की ते पुन्हा थोडे दिवस चालत. भावाकडं मुंबईहून आणलेलं आकड्यांचं घड्याळ होतं. मलकापूरच्या घड्याळवाल्यानं त्याचा सेल बदलला, तर भावानं जुना मागून आणला. चपटा, चवन्नीएवढा, चकचकीत. मायनं तोही त्याच रांगेत ठेवला.

दुपारी भावाचं लेकरू ओट्यावर खेळत होतं. नुकतंच चालायला लागलेलं. संध्याकाळी लाळ गाळू लागलं, दूध घेईना. वहिनीनं ओटा पाहिला, तर तो चपटा सेल नाही. पोरानं गिळला, दवाखान्यात चला, असं तिनं तिथल्या तिथं सांगितलं. मायनं उडवून लावलं. भावानं लहानपणी चवन्नी गिळली होती, केळी चारली अन् सकाळी निघाली. हा तर संपलेला सेल, काय करतो? भावानं बायकोला गप्प बसवलं अन् केळी आणली. त्या केळ्यांचा मला अजून संताप येतो. लेकराला थुंकी गिळता येईना अन् हे त्याच्या तोंडात केळं कोंबत होते!

दुसऱ्या दिवशी ताप आला, तर मायनं दृष्ट काढली. लाळेत रक्त दिसलं तेव्हा कुठं मलकापूरची बस गाठली. डॉक्टरांनी एक्स-रे फोटो काढला. सेल छातीच्या वरच, अन्ननळीत अडकला होता. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले.

"पन तो तं संपेल होता," माय पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"घड्याळासाठी संपला होता, आजी," डॉक्टर म्हणाले. "ओल्या जागी अडकला की मांस जाळतो."

गाडीची वाट पाहत होतो. फलाटावरच लेकराला रक्ताची उलटी झाली अन् वहिनीच्या मांडीवरच त्यानं जीव सोडला. ती रडली नाही. भावाकडं पाहून एवढंच म्हणाली, "मी तुमाले पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं."

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. लहान लेकरू, पुरायचं होतं. वाटेत अंधार होईल म्हणून कुणीतरी टॉर्च मागितला. भावानं ओट्यावरचे सेल उचलून त्यात घातले अन् बटण दाबलं. ऊन चांगलं खाल्लं होतं त्यांनी. लख्ख उजेड पडला.