नळाचा दिवस आणि मामांचा मेंढपाळ

लातुरात आमच्या गल्लीला आठव्या दिवशी नळ येतो, तोही दीड तास. तेवढ्यात मी ड्रम, घागरी, शेवटी दुधाचं पातेलंसुद्धा भरायची. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, ते ओसरीवर खुर्चीत बायबल वाचत बसायचे. "देव आपला मेंढपाळ हाय, पोरी. मेंढराला काही कमी पडू देत न्हाई." एवढं बोलून पाय वर घ्यायचे, कारण माझी नळी त्यांच्या पायाखालून जायची.

विश्वास माझाही आहे, रविवारी मीही चर्चला जाते. पण मामांचा विश्वास आयता होता. अंघोळीचं पाणी तापलेलं, चहा समोर. देव दयाळू वाटणारच. नवरा नोकरीला नांदेडला. शनिवारी यायचा आणि म्हणायचा, "बाबांची श्रद्धा बघ, कसली काळजी म्हणून नाही." त्यांच्या वाटची मी करत होते ना!

गेल्या उन्हाळ्यात आई आजारी पडली म्हणून चार दिवस धर्माबादला गेले. जाताना दोनदा सांगितलं, "मामा, उद्या नळ आहे. तोटी उघडा, नळी ड्रमात टाका. बस."

"तू जा. तो बघून घेतो."

परत आले तर ड्रम कोरडे, एकात मेलेलं झुरळ. मामा मात्र न्हाऊन, भांग पाडून बसलेले. स्वयंपाकघरात दोन परक्या घागरी भरलेल्या.

"पाणी कुणी दिलं?"

"देवानं. म्हणलं न्हवतं?"

घागरींवर शेजारच्या काकूंचं नाव कोरलेलं होतं. त्या गुडघ्याला पट्टा बांधून चालतात. घागरी परत द्यायला गेले तेव्हा म्हणाल्या, "अंगणात उभं राहून मोठ्यानं पाणी मागून राहिले होते देवाला. ऐकवंना बाई. रोज दोन घागरी नेऊन दिल्या."

"आभार तरी मानले का?"

"मानले की. वर बघून."

पुढच्या नळाच्या दिवशी मी नळी मामांच्या हातात दिली.

"मला न्हाई जमत हे."

"मेंढरंसुद्धा पाण्यापर्यंत आपल्या पायानं जातात, मामा."

मामा उठले. धोतर भिजवत एक ड्रम भरला. मग ओल्या हातानंच नांदेडला फोन लावला: "देवानं या वयात मला सेवा दिली, बघ!"

मी त्यांना दुसरा ड्रम दाखवला.