गोजराबाईचं आपोआप लागणारं दार

किन्हीराजापासून दीड किलोमीटरवर पांदण संपते, तिथं लहान्यांचं वावर आहे. वावरातच दोन खोल्यांचं घर, घरामागं गोठा आणि गोठ्यामागं खुराडं. गोजराबाई लहाने या घरात बावीस वर्षं राहते आहे. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला जाईपर्यंतची पंधरा वर्षं तिनं बाहेरगावी एकदाही मुक्काम केला नाही.

तिच्या नवऱ्यानं, जगदेवनं माळ घातली त्या वर्षी घरातलं मटण-अंडं बंद झालं. ते तिनं निमूट मान्य केलं. मग तो म्हणाला, "कोंबड्याबी इकून टाक."

"तुमची माळ तुमच्या गळ्यात," ती म्हणाली. "माह्या कोंबड्या गोठ्यामांगं राह्यतीन. तुमी हात लावू नका, मी लावा म्हननार नाई."

ठरलं तसं दोघांनी पाळलं. तो खुराड्याकडं फिरकला नाही आणि ती त्याला बोलावायला गेली नाही. गावरान कोंबडीचं काम तसं थोडं असतं. दिवसभर ती आपलं आपण चरते आणि दिवस बुडाला की आपसूक आत शिरते. पण मागून दार लावायला माणूस लागतो. वेळ चुकली की नाल्यातून मुंगूस येतं, नाहीतर बाऊल. रानमांजराला तिकडं बाऊल म्हणतात. ते एका कोंबडीवर थांबत नाही.

त्याची प्रचिती तिला भाचीच्या लग्नात आली. लग्न कामरगावला होतं. निघताना काळीपिवळी भरेना, म्हणून ड्रायव्हर गाडी हलवेना. घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेली होती. जगदेव ओसरीवर बसला होता. मागं एकोणीसपैकी अकरा कोंबड्या मरून पडल्या होत्या, उरलेल्या छपराच्या बल्लीवर चिकटून बसल्या होत्या. ओसरीपासून खुराडं तीस पावलं. तेवढ्यावरचा कालवा बहिऱ्यालाही ऐकू गेला असता.

"डोया लागला होता माहा," जगदेव म्हणाला.

सकाळी गोजराबाईनं निंबाखाली खड्डा खणला आणि अकराही कोंबड्या पुरल्या. तेव्हापासून दिवस कलला की ती असेल तिथून उठायची. कुणाच्या बारशातून, कुणाच्या मातीवरून. लोकांना सवय झाली होती.

मुलगी मंजुषा लग्न होऊन पुण्याला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं तेव्हा अडचण आली नाही. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात डॉक्टरनं तिला खाटेवरून उठू नको म्हणून सांगितलं. सासू हयात नव्हती, नवरा कंपनीत पाळीवर जायचा आणि पदरी चार वर्षांची पोर. मंजुषानं फोनवर 'ये' असं म्हटलं नाही. "तुह्या कोंबड्या हायेत ना वं आई," एवढंच म्हणाली. ते वाक्य गोजराबाईला दोन दिवस जेवू देईना.

दाणापाण्याची सोय होती. निंदायला येणारी हेमला सकाळी नऊला यायची आणि पाचला घरी जायची. तिनं कोंबड्यांना पाहायचं कबूल केलं. प्रश्न फक्त भल्या सकाळी दार उघडायचा आणि दिवस बुडताना लावायचा होता. तेव्हा वावरात जगदेव सोडून कुणी नसायचं. गोजराबाईनं त्याला विचारलं नाही.

तिनं विचारलं ज्योत्स्नाला. ज्योत्स्ना गावची पशुसखी. कोंबड्यांना लस टोचायला ती घरोघर फिरायची. तिनं मोबाईलवर आपोआप लागणारं दार दाखवलं. पत्र्याची एक झडप, दोन्ही बाजूंना खाचा, वर लहानशी मोटर आणि दोरी.

"यात दोन जाती हायेत काकू," ज्योत्स्ना म्हणाली. "एक घड्याळावर चालते, एक उजेडावर. घड्याळाची सोपी हाये. सातचा टाइम लावला की साताले लागते."

"अन् कोंबडीले सात वाजले हे कोन सांगन?" गोजराबाईनं विचारलं.

गोजराबाईनं आठ दिवस मागितले. रोज संध्याकाळी ती खुराड्यासमोर उलट्या घमेल्यावर बसली आणि पहिली कोंबडी कधी शिरते, शेवटची कधी, ते पाहत राहिली. उघडीप असली की उशीर व्हायचा, आभाळ असलं की सगळ्या लवकर शिरायच्या. दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, सगळ्यांत शेवटी यायच्या, तेही निंबाच्या फांदीवरून हुसकून लावल्यावर. नवव्या दिवशी तिनं ज्योत्स्नाला सांगितलं, "सकायी घड्याळावर उघडाले पायजे. उजेडावर उघडलं त तांबडं फुटल्याबरोबर उघडन, अन् मुंगूस तेवाच हिंडून राह्यते. संध्याकायी उजेडावर लागाले पायजे, पन अंधार पडल्यावर जरा थांबून."

तसं दार मिळालं. ते सेलवर चालणारं घेतलं, कारण वावरातली लाईन कधी येते नि कधी जाते याचा भरवसा नव्हता. बंद झाल्यावर झडपेला आतून खटका बसत होता, तोही तिनं पाहून घेतला. नुसती खाली पडणारी झडप मुंगसानं नाकानं उचलली असती.

मालेगावच्या मिस्त्रीनं दार बसवलं आणि "काही अडकलं त आपोआप वर जाते" असं म्हणाला. गोजराबाईनं झडप खाली येताना स्वतःचा हात मधे घातला.

"अवो मावशी!" मिस्त्री ओरडला.

झडप मनगटाला टेकली, थांबली आणि वर गेली. तिनं पुन्हा एकदा हात घातला. पुन्हा तसंच झालं. मग मिस्त्रीला चहा मिळाला.

पहिल्या संध्याकाळी दार लागलं तेव्हा सहा कोंबड्या बाहेर होत्या. झडप खाली येताना मोटर घरघरली आणि त्या उधळल्या. तिनं थांबायची वेळ वीस मिनिटांनी वाढवली. तलंगांना तिनं सलग बारा दिवस फांदीवरून काढून आत बसवलं, तेराव्या दिवशी त्या आपल्या पायांनी गेल्या. नंतरचे चार दिवस ती संध्याकाळी मुद्दाम घरात बसून राहिली. भाकरी थापताना कान मागं असायचा. घरघर ऐकू आली की ती हातातला उंडा खाली ठेवायची, पण उठायची नाही. पाचव्या दिवशी तिनं पिशवी भरली.

निघताना जगदेवला म्हणाली, "दार आपोआप लागते. तुमाले काई करा लागत नाई."

तो "बरं" म्हणाला.

पुण्यात पहिले दोन आठवडे ती दिवस कलला की गॅलरीत जाऊन उभी राहायची. समोर दुसऱ्या इमारतीची गॅलरी होती, तीत कपडे वाळत असायचे. मंजुषाला मुलगा झाला. दिवस भरायच्या वीस दिवस आधी झाला, पण धडधाकट झाला. बाळ सात दिवसांचं असताना, साडेचारच्या सुमारास गोजराबाईला फोन आला. जगदेव स्वतःहून कधी फोन करत नसे.

"आभाय लय भरून आलं. अंधारच पडला," तो म्हणाला. "तुवं दार लागून गेलं. कोंबड्या भायेर हायेत."

"किती?"

"अर्ध्या असतीन. हेमला पान्याच्या भेवानं लवकरच गेली."

बाळ तिच्या मांडीवर होतं. तिनं आवाज चढू दिला नाही. "मोटरच्या बाजूले बटन हाये. एकदा दाबलं की उघडते, पुन्हा दाबलं की लागते. बटन कोंबडी नोहोय."

पलीकडून फोन बंद झाला.

तासभर ती तशीच बसली. मंजुषानं दोनदा "काय झालं वं?" विचारलं, तिनं मान हलवली. मग पुन्हा फोन वाजला.

"लागलं दार," जगदेव म्हणाला. तो धापा टाकत होता. "एकतीस हायेत ना?"

"एकतीस. अन् पिल्लं नऊ."

"मंग बराबर हाये. पिल्लंवाली बैलबंडीखाली बसली होती. पानी शिरलं तिच्याखाली. येईच ना भायेर. शेल्यात धरून आनली. पिल्लं टोपल्यात आनली." वर तो म्हणाला, "चोचलं तिनं मले."

"चोचनारच."

मग तो म्हणाला, "गोजरा, त्या टायमाले माहा डोया नवता लागला. आवाज आला होता मले. मी उठलो नाई."

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली.

"ठाऊक होतं?"

"तवाच."

"आंग कोरडं करा, पान्यानं भिजले असान," म्हणून तिनं फोन ठेवला आणि बाळाचा लंगोट बदलायला घेतला. गाठ दोनदा बांधावी लागली. मंजुषानं ते पाहिलं. गोजराबाईनं बापाबद्दल लेकीला काही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

सव्वा महिना करून ती परत आली. त्या अवधीत एक कोंबडी गेली, तीही दिवसा, घारीनं नेली. उरलेल्या ठीक होत्या. जगदेव आजही माळकरी आहे, अंड्याला शिवत नाही, खुराडं झाडत नाही. मात्र पावसाळी दिवसांत दुपारी आभाळ दाटलं की तो गोठ्याच्या मागं जाऊन उभा राहतो आणि झडप खाली आली की बाहेर कोण राहिलं ते बघतो. दोघांमधलं बोलणं पूर्वीएवढंच आहे.

ज्योत्स्ना आता आसपासच्या बायांना दार दाखवायला घेऊन येते. मागच्या पौषात एक बाई आली, तिला नुसत्या घड्याळावरचं घ्यायचं होतं. गोजराबाईनं तिच्याशी वाद घातला नाही. तिला चहा दिला आणि दिवस बुडेपर्यंत खुराड्यासमोर उलट्या घमेल्यावर बसवून घेतलं.